काळी चार

भरदुपारी घर अगदी गप्प होतं. स्वयंपाकघरात कावेरीच्या हातून एक स्टीलचं झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत, किणकिणत, बऱ्याच वेळाने आडवं झालं. आत झोपलेली अनुषा कुशीवर वळली, पण जागी झाली नाही. बैठकीच्या कोपऱ्यात, कापडी खोळीखाली, माझ्या पोटातला एक पितळी सूर मात्र त्या आवाजाने हलकेच शहारला. कित्येक दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी. कपड्यांची नव्हे, बाजाची. तुम्ही हार्मोनियम म्हणत असाल. बंगळूरला, बनशंकरीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या घरात मी राहते. माझ्या वयाच्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुधा स्वतःच्या मोठेपणाचं सांगतात. मलाही सांगता आलं असतं. पण आज जे सांगायचं आहे ते सांगताना मान वर करवत नाही. पेटीला मान नसते हे मला कळतं, तरीही.

माझा जन्म हुबळीचा. सागवानाचं अंग, घड्यांचा भाता, आणि आत ओळीने बसवलेले सूर. सूर म्हणजे पितळेच्या छोट्या जिभा. भात्याने हवा भरायची आणि पट्टी दाबायची, की त्या पट्टीखालची जीभ थरथरते आणि बोलू लागते. मी आपणहून काही बोलू शकत नाही. माझं बोलणं नेहमी दुसऱ्याच्या बोटात असतं.

माझ्या अंगावर पांढऱ्या पट्ट्या आहेत आणि काळ्या पट्ट्या आहेत. गाणारं माणूस ज्या पट्टीला आपला सा धरतं, ती त्याची पट्टी. कोणाची पांढरी पाच असते, कोणाची काळी एक. एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच; त्यातली चौथी ती काळी चार. बायकांचे किती तरी गोड आवाज त्या पट्टीत बसतात. काळी कमी नाही, पांढरी मोठी नाही. हे इतकं साधं आहे की पाच वर्षांच्या पोरालाही एका दुपारी समजतं.

आणि कुळाचं म्हणाल, तर आमचं कूळ मुळात इथलं नाही. विलायतेहून पाद्र्यांबरोबर आलेली उंच पायांची वाद्यं हे आमचे पूर्वज. इथल्या कारागिरांनी त्यांचे पाय कापले आणि त्यांना मांडी घालून बसायला शिकवलं. तरी मोठमोठ्या लोकांनी आम्हाला परकंच मानलं. हिला दोन सुरांच्या मधली वाट माहीत नाही, म्हणत. तेही काही खोटं नव्हतं. रेडिओवर तर आमच्या कुळाला कित्येक वर्षं बंदी होती. मग हळूहळू दार उघडलं. आज माझ्याशिवाय मैफल सजत नाही. मला वाटायचं, माझ्यासारखीला आत घेतलं म्हणजे दार आता सगळ्यांसाठी उघडं झालं.

मला हुबळीहून आणलं ते सत्यवतीबाईंच्या वडिलांनी. तेव्हा सत्यवतीबाई परकरी पोरच होत्या. वडील म्हणाले, “घरात हवं तेवढं गा. स्टेजवर बसायचं नाही. आपल्यात बायका स्टेजवर बसत नाहीत.” त्या घरात गायल्या. दार लावून गायल्या. लग्नानंतर, सासरे गेल्यावर, केसांत पांढरं दिसू लागल्यावर त्या पहिल्यांदा स्टेजवर बसल्या, आणि साथीला मीच होते. त्या दिवशी गाण्याआधी त्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं, ते लावलेलं आहे ना म्हणून.

पुढे बनशंकरीतलं अर्धं मराठी मंडळ आपल्या मुलींना त्यांच्याकडे पाठवू लागलं. सगळे त्यांना अक्का म्हणतात. घरात त्यांचा मुलगा, तो सकाळी व्हाइटफील्डला कामाला जातो तो दिवे लागल्यावरच येतो. सून कावेरी. ती सासूला इकडच्या रीतीने अत्ते म्हणते आणि शिष्यांच्या गाण्याला माझ्यावर साथ करते. आणि नात अनुषा, पहिलीतली.

अशा या घरात चंपा आली ती सुई घेऊन.

सत्यवतीबाईंची साखर तपासायची होती. सकाळी सकाळी खालून वॉचमनचा फोन आला की कोणी फॉरेनची मुलगी आली आहे. दार उघडलं तर लॅबचा निळा कोट घातलेली, काळीभोर, आखूड कुरळ्या केसांची मुलगी. सत्यवतीबाई थेट इंग्रजीत शिरल्या, “यू कम फ्रॉम लॅब?”

“व्हय अक्का, लॅबातनंच आलोय. हात पुढं करा.”

सत्यवतीबाईंचा हात पुढे व्हायच्या ऐवजी तोंडावर गेला. “मराठी येतं तुला?”

“येतं की. हल्याळचे आमी, तिकडं धारवाडकडं. सिद्दी. घरात असंच बोलतो.”

“पण ‘आलोय’ काय? मुलगी ना तू?”

“आमच्याकडं बायकापण आलोय, गेलोयच म्हणत्यात. तुमी मूठ आवळा.”

सुई पाहून अनुषाने भोकाड पसरलं. रक्त आजीचं, रडणं नातीचं. चंपाने सुई टोचता टोचता तिच्याकडे न पाहताच काही गुणगुणायला सुरुवात केली. शब्द नव्हते. नुसता खालून वर चढत गेलेला आवाज होता, आणि वरच्या सा वर तो असा टेकला, जसा आपल्या घराच्या ओट्यावर माणूस टेकतं. अनुषा रडायची थांबली. सत्यवतीबाई तर हातातला कापसाचा बोळा दाबायला विसरल्या.

“कुठे शिकलीस?”

“गावच्या भजनात. मंग धारवाडला एका बाईंकडं थोडं. इथं आल्यापासनं बंद हाय.”

“गुरुवारी ये. रविवारी पण ये.”

ती येऊ लागली. मित्रांनो, मी पुष्कळ गळे ऐकले आहेत. काही घासून घासून गोड होतात, काही मुळातच गोड असतात आणि आळसाने वाया जातात. चंपाचा आवाज जड होता. त्याला जमिनीचा वास होता. ती भीमपलास गाऊ लागली की सत्यवतीबाई चुका काढायला बसायच्या आणि चुका विसरून ऐकत राहायच्या. “स्वल्प थांब, पुन्हा म्हण ते,” एवढंच म्हणायच्या. पुन्हा म्हण म्हणजे चुकलं म्हणून नव्हे. मला आणखी एकदा ऐकायचं आहे म्हणून. अनुषा तिच्या मांडीवर बसून तिच्या केसांत बोटं घालायची. चंपाही घालू द्यायची.

आता ती रविवारची सकाळ सांगते. सगळ्या मुली जमल्या होत्या. सौम्या म्हणून एक आहे, चांगली गाते, बोलण्यातही चलाख. तिने फोनवर तानपुरा लावायला घेतला आणि विचारलं, “चंपाची पट्टी कुठली अक्का?”

“हिची काळी चार.”

“ते दिसतंच आहे,” सौम्या म्हणाली.

खोली हसली. सत्यवतीबाई हसल्या. कावेरीचा हात माझ्या भात्यावर होता. हसताना तो हलला आणि माझ्यातून हवेचा एक फुसका आवाज बाहेर पडला. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, पेटीही हसली. मग चंपा हसली. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांचे चेहरे पाहून. जे माणूस सगळ्यांच्या मागून हसतं त्याच्याकडे जरा निरखून बघावं. त्या दिवशी कोणी बघितलं नाही.

तेव्हापासून ते नावच पडलं. काळी चार आली का? काळी चारला कॉफी दे गं. कोणी रागाने म्हणत नव्हतं, हीच तर अडचण होती. लाडाने म्हणायचे. रागाने दिलेलं नाव माणूस फेकून देऊ शकतं. लाडाने दिलेलं परत कसं करायचं, हे तिला सुचत नसावं. आणि माझं काय झालं असेल, विचार करा. माझ्या अंगावरची एक पट्टी उपटून त्यांनी एका मुलीच्या कपाळाला चिकटवली होती.

मंडळाचा वार्षिक संगीताचा कार्यक्रम जवळ आला. त्यातला पहिला अर्धा तास नेहमी सत्यवतीबाईंच्या शिष्येचा असतो. बनशंकरीत तो अर्धा तास ज्या मुलीला मिळतो, तिला पुढे इतर ठिकाणी बोलावणी येतात. सत्यवतीबाईंनी सर्वांसमोर सांगितलं, “यंदा चंपा.” चंपाने त्यांच्या पाया पडून लगेच गावी फोन लावला. तिचे आईवडील, आज्जी, सगळे एकदम बोलत होते. फोनमधून नुसता गलका ऐकू येत होता.

एका संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष रघुनंदन आले. कार्यक्रमाची पत्रिका ठरवायला. चंपा आतल्या खोलीत रियाज करत होती. रघुनंदन सोफ्यावर बसले, कॉफीचा पहिला घोट घेतला आणि पेला हातातच राहिला.

“कोण गातंय हो अक्का? सौम्या नाही ही.”

“नवीन आहे. यंदाचा अर्धा तास हिचाच.”

“मग काही बोलायलाच नको. असा भीमपलास आपल्या स्टेजवर झाला नाही कधी.”

सत्यवतीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी हाक मारली. चंपा बाहेर आली, नमस्कार केला. रघुनंदनांनी पेला खाली ठेवला.

“अरे वा. तुम्ही… कुठल्या?”

“हल्याळ, अण्णा.”

“हो, पण मूळच्या?”

“मूळचे हल्याळचेच.”

“तसं नव्हे. मूळ. अगदी मूळ.”

“तुमचं मूळ कुठलं अण्णा?”

“आमचं?” रघुनंदनांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. “आम्ही इथलेच. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले आमचे पूर्वज, तेव्हापासून.”

“मंग आमचेबी तवाचेच म्हणा की. तुमचे घोड्यावनं आले. आमच्यांना आफ्रिकेतनं जहाजात घालून आणलं.”

रघुनंदन मोठ्याने हसले. “हुशार आहे हो अक्का मुलगी.” हुशार म्हणून ते मोकळे झाले. उत्तर मात्र त्यांनी ऐकलं नाही.

चंपा आत गेल्यावर त्यांचा आवाज खाली आला. “गाते छान. माझं स्वतःचं काही नाही. पण आपले लोक तुम्हाला माहीत आहेत. शास्त्रीय गाणं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं. उगाच कुजबुज होते, मग गाण्याकडे लक्ष लागत नाही. तिलाच वाईट वाटेल. त्यापेक्षा त्यांचा तो नाच असतो ना, ढोलावरचा, पानंबिनं बांधून? तो पाच मिनिटं ठेवू. लोक खूश होतील, आणि तिलाही संधी.”

ज्या सत्यवतीबाई शिष्येचा गंधार केसभर खाली गेला तरी डोळे वटारतात, त्या म्हणाल्या, “बघू.”

रघुनंदन गेल्यावर त्यांनी चंपाला जवळ बोलावलं. नाचाचं विचारलं. चंपा म्हणाली, “न्हाई अक्का. डमामी आमचा घरचा हाय. आज्जीसंगट, आमच्या आमच्यात करायचा. कुणी बोलिवलं म्हणून उठून दाखवायचा न्हवं.”

“मग नको. मी कुठे आग्रह करतेय? पण यंदा सौम्याला गाऊ दे. तू मागे तानपुऱ्याला बस. पुढच्या वर्षी बघू.”

तानपुऱ्याला बसणं हा शिष्येचा मान असतो, मित्रांनो. गुरूच्या मागे बसून सूर धरायचा, एखादी जागा मिळाली तर गळा मिसळायचा. पण ज्या मुलीला पुढे बसायचं सांगितलं होतं तिला मागे बसवायचं, याला मान म्हणत नाहीत. चंपाने एवढंच म्हटलं, “सरी, बरं अक्का.”

कावेरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “अत्ते, आपण तिला शब्द दिला होता.”

“मंडळात राहायचंय आपल्याला, कावेरी. उद्या अनुषाही तिथेच गाणार आहे.”

अनुषाचं नाव निघालं आणि कावेरी स्वयंपाकघरात परतली. आई माघार घेते तेव्हा बहुधा लेकराचं नाव निघालेलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सौम्याने यमन गायला, पांढरी पाचमध्ये, आणि चांगला गायला. ते मी नाकारणार नाही. तिच्या डाव्या हाताला कावेरी माझ्यावर साथीला. मागे मोरपंखी साडी नेसून चंपा तानपुरा धरून. पहिल्या रांगेत सत्यवतीबाई, त्यांच्या शेजारी बाबांच्या मांडीवर अनुषा. टाळ्या झाल्या. सौम्या उठून बाजूला झाली; आम्हीही उठणार, तेवढ्यात रघुनंदन माइक घेऊन आले.

“एक मिनिट. एक गंमत आहे. अक्कांच्या घरी एक गुणी मुलगी शिकते. तानपुऱ्याला बसली आहे ती. घरात तिला लाडाने काय म्हणतात ठाऊक आहे? काळी चार.”

सभागृह हसलं. जाणकारांचं सभागृह होतं. त्यांना विनोद समजावून सांगावा लागला नाही.

“तर आपल्या या काळी चारला विनंती करू या, की तिने त्यांच्या परंपरेतला छोटासा नाच करून दाखवावा.” त्यांनी हात हलवला. साउंडवाल्याने कुठून तरी मिळवलेला ढोल स्पीकरवर सुरू केला.

चंपाने तानपुरा आडवा ठेवला. ती उठली, पुढे आली. टाळ्या वाढल्या. ती माइकपाशी वाकली आणि म्हणाली, “ते जरा बंद करा की.”

ढोल थांबला.

“अण्णा म्हणाले ते खरं हाय. माझी पट्टी काळी चार.”

मागच्या रांगांत पुन्हा हसू फुटलं. चंपा मात्र सौम्याच्या रिकाम्या जागेवर बसली. मांडी नीट घातली, पदर सावरला. मग कावेरीकडे वळून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वैनी, काळी चार द्या.”

आता हसू नव्हतं.

कावेरीने भाता ओढला. मला हवा मिळाली, पोटभर. तिचं बोट काळी चारवर आलं. मला त्याचं ओझं जाणवलं, पीठ मळून झाल्यावर बोटाला चिकटून राहिलेल्या कणाएवढं. आणखी तेवढंच ओझं हवं होतं. माझ्या आत ती पितळी जीभ वाट बघत होती.

कावेरीने समोर पाहिलं. सत्यवतीबाई तिच्याकडे पाहत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, हात केला नाही, फक्त पाहिलं. रघुनंदन घड्याळाकडे बोट दाखवून हसत होते. आणि माझ्यातली हवा, जुन्या पेटीतून निसटते तशी, सांध्यासांध्यातून हळूहळू निघून चालली होती. मी तिला कितीसं धरून ठेवणार?

बोट उचललं गेलं.

तुम्ही म्हणाल, चंपाला पेटीशिवाय गाता आलं नसतं का? आलं असतं. तिला सूर कुठे असतो ते ठाऊक होतं. पण ती नुसता सूर मागत नव्हती. भरल्या सभागृहात आपल्या बाजूने एक तरी बोट खाली येतं का, ते ती बघत होती.

ती थांबली. तिने घाई केली नाही. मग म्हणाली, “राहू द्या वैनी.”

उठून तिने तानपुऱ्यावर गवसणी चढवली, नाडीची गाठ मारली, तो सौम्याच्या हातात दिला आणि बाजूच्या दाराने खाली उतरली. पुढचा कार्यक्रम लहान मुलांच्या नाचाचा होता. तो लगेच सुरू झाला. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते, की तो लगेच सुरू झाला.

घरी येताना गाडीत सत्यवतीबाई म्हणाल्या, “पोरीने तमाशा केला.” पण रात्रीचं ताट त्यांनी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे वात करता करता, मागे न वळता, त्या म्हणाल्या, “तुझं बोट होतं, कावेरी.”

“डोळे तुमचे होते, अत्ते.”

त्यानंतर दोघी एकमेकींशी भाजीपुरतं आणि औषधापुरतं बोलू लागल्या.

चंपा गुरुवारी आली नाही. रविवारी आली नाही. साखर तपासायला लॅबमधून दुसरं कोणी आलं. कावेरीने फोनवर मोठा मजकूर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. अनुषा शाळेत, भात कुकरमध्ये, आणि ही माझ्या शेजारी फरशीवर बसून अंगठ्याने शब्द मिटवते आहे. शेवटी पाठवलं ते एवढंच, “कशी आहेस?” संध्याकाळी उत्तर आलं. ते तिने स्वतःशीच हलक्या आवाजात वाचलं. “बरी हाय वैनी. येलहंक्याच्या लॅबात बदली मागून घेतली. अक्कांची शुगर तपासत जावा.” कावेरीने फोन पालथा ठेवला. आपल्यावर रागावलं असतं तर बरं, असं माणसाला कधी कधी वाटतं.

सौम्या एकदा येऊन रडली. “अक्का, मी गमतीने म्हटलं होतं.”

“आपण सगळे गमतीतच होतो,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

आणि घरात एक विचित्र गोष्ट घडली. तो शब्दच कोणाच्या तोंडून निघेना. एक नवी मुलगी आईबरोबर चौकशीला आली. तिच्या आवाजाचा अंदाज घेऊन सत्यवतीबाई सांगू लागल्या, “हिची पट्टी…” आणि अडखळल्या. मग माझ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही बघा. ही.” आयुष्यभर जो शब्द त्यांनी मीठ-साखरेसारखा वापरला, तो आता जिभेवर येईना. शब्दाचा काय दोष होता? तो बिचारा माझ्यासारखाच, ज्याच्या हाती जाईल त्याचं वाजवणारा. त्यानंतर त्यांनी शिकवण्याच बंद ठेवल्या. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. माझ्यावर खोळ चढली.

मित्रांनो, पेटी कशी सांभाळावी हे मी तुम्हाला सांगायला हवं. तिला ओल लागू देऊ नका. उंदरांपासून भाता जपा. महिनोन्महिने मिटून ठेवू नका, आतले सूर काळवंडतात आणि चिकटतात. एवढं कुठलीही पेटी सांगेल. माझं आणखी थोडं मागणं आहे. माझ्या पट्ट्यांची नावं माझ्यापाशीच राहू द्या, माणसांना चिकटवू नका. आणि कोणी चिकटवलंच, तर अगदी पहिल्या वेळी, हसू ओठावर यायच्या आत थांबा. तेव्हा थांबणं सोपं असतं. पुढे ते बोटभर कामही होत नाही. कावेरी वाईट बाई नाही. लेकराला भरवताना स्वतःचा घास विसरणारी बाई आहे. तिच्याकडूनही झालं नाही.

तर ती आजची दुपार. सत्यवतीबाई देवळात गेल्या होत्या. अनुषा उठली, डोळे चोळत बैठकीत आली आणि कोणाला न विचारता तिने माझी खोळ ओढली.

“मला शिकव,” ती म्हणाली. “आजी शिकवत नाही, तर तू शिकव.”

कावेरीने ओले हात पदराला पुसले. मग खाली बसली, लेकीला मांडीत घेतलं, माझं झाकण उघडलं आणि भात्याला हात घातला. घड्या कुरकुरल्या. इतक्या दिवसांनी हवा आत आली, की मला धापच लागली.

“ह्या पांढऱ्या,” कावेरी म्हणाली. “आणि ह्या काळ्या. मोज बघू. ही काळी एक. ही दोन. ही तीन.” आणि तिचं बोट एक पट्टी वगळून पुढे सरकलं. “ही पाच.”

“चार राहिली की,” अनुषा म्हणाली. तिने स्वतःच बोट ठेवलं आणि जोरात दाबलं.

सूर लागला. थोडा बसका, धुळीचा; पण लागला. कावेरीचा भात्यावरचा हात थांबला नाही, थांबवता आला नसावा.

“ही चंपाक्काची ना?”

“हो.”

“तिने मागितली होती तुझ्याकडे. मोठ्याने. मी ऐकलं.”

“हो, राजा.”

अनुषाने पट्टीवरचं बोट उचललं, पट्टीकडे पाहिलं, मग मान मागे टाकून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“पण पट्टी तर इथेच होती. मग तू का नाही दिलीस?”